कोंकणच्या सड्यावरील खोदचित्रें

रत्नागिरी जिल्ह्यांतील सडा श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं निदान आगगाडींतून तरी पाहिला असेल. जांभ्या दगडाचें हें विस्तीर्ण पठार पावसाळ्यांत गवतानें हिरवें होतें आणि शिमग्याच्या सुमारास काळा, तापलेला कातळ तेवढा उरतो. गुरें चारण्यापलीकडे ज्याचा उपयोग नाहीं असें मानलें जाई, त्याच कातळावर प्राचीन मानवानें आपला हात चालविला होता, ही गोष्ट विद्वानांस फार उशिरां उमगली. ती उजेडांत आणण्याचें मोठें श्रेय ज्यांस द्यावें लागतें, त्यांपैकीं कोणी पुरातत्त्वाचा पेशा पत्करलेला नव्हता.

सुधीर रिसबूड व धनंजय मराठे हे रत्नागिरीचे निसर्गप्रेमी गृहस्थ. परिसरांतील थोडीं खोदचित्रें दृष्टीस पडल्यावर, आणखीही असलीं पाहिजेत, असें त्यांच्या मनानें घेतलें. भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांचीही साथ त्यांस लाभली. पुढें वर्षानुवर्षें या मंडळींनीं हजारों किलोमीटरांची पायपीट केली.

परंतु नुसत्या पायपिटीनें असें चित्र सांपडत नाहीं. बहुतेकांवर माती बसलेली. जें उघडें असेल, त्याची रेषाही सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हांत उठून दिसते आणि भर दुपारीं पुसल्यासारखी होते. म्हणून गुराख्यांस विचारावें, गांवच्या वृद्धांस बोलतें करावें, हा मार्ग त्यांनीं धरला. शाळाशाळांतून जाऊन मुलांस सांगितलें कीं, घरीं आजोबांस विचारून या. कांहीं चित्रें गांवकऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक होतीं व तीं पवित्रही मानलीं जात. पण ती माहिती गांवाच्या शिवेबाहेर गेलेली नव्हती. ज्ञान पुस्तकांत असतें व तें शाळेंत मिळतें, हा आपला समज. येथें तें आजोबांपाशीं होतें आणि शाळा केवळ निरोप्या झाली. आजोबांची ती पिढी मात्र झपाट्यानें सरत आहे.

आजवर हजाराहून अधिक आकृति नोंदल्या गेल्या आहेत. राजापूर तालुक्यांत कशेळी येथें सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असा एक हत्ती आहे आणि त्याच्या देहाच्या आंत दुसरे कित्येक प्राणी कोरलेले आहेत. एवढें चित्र कोरणारास तें उभें राहून एका नजरेंत कधींच दिसलें नसेल. मग त्यानें प्रमाण कसें साधलें, हें नवलच. अन्यत्र गेंडा व पाणघोडा यांच्या आकृति दिसतात. हे प्राणी आज कोंकणांत नाहींत. उलट शेतीचीं चित्रें आढळत नाहींत. यावरून हे लोक शिकारीवर जगणारे असावेत, असें अनुमान निघतें. कांहीं संशोधक या चित्रांचें वय दहा हजार वर्षांहून अधिक सांगतात. पण कातळांत कोळसा अगर हाड नसतें, त्यामुळें काळ ठरविणें अवघड. येथें घाई न करणेंच बरें. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्यें उभा असलेला मनुष्य पाहून सिंधु संस्कृतीच्या मुद्रा आठवतात. साम्य खरें, परंतु साम्य म्हणजे नातें नव्हे.

गोव्यांत कुशावती नदीच्या कांठीं फणसायमळ येथें असाच चित्रसमूह १९९३ सालीं उजेडांत आला होता. तो, रत्नागिरी जिल्ह्यांतील सात व सिंधुदुर्गांतील कुडोपी अशा नऊ स्थळांस २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत स्थान मिळालें.

यादींत नांव गेलें म्हणून कातळ सुरक्षित झाला असें मात्र नव्हे. जांभा हाच कोंकणच्या घरांचा चिरा. चिरेखाणीचें यंत्र ज्या कातळावर फिरलें, तेथील चित्र कायमचें गेलें. मंदिर पुनः बांधतां येतें, तसें हें नाहीं. शिवाय सडा बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असतो. आपल्या जमिनींत चित्र निघाल्यास सरकारी बंधनें येतील व चिरा विकतां येणार नाहीं, हें भय मालकास वाटलें तर त्यास दोष कसा द्यावा? माती बाजूस सारून रेषा दाखविणारांस या मालकाचें मनही वळवावें लागतें आणि हें दुसरें काम अधिक कठीण आहे. २०२३ सालच्या एप्रिलांत बारसूस तेलशुद्धीकरण कारखान्यासाठीं मातीची तपासणी सुरू होतांच ग्रामस्थांनीं विरोध केला; त्या वादांत घरें, बागा व मासेमारी यांच्याबरोबर या चित्रांचाही प्रश्न निघाला.

उक्षी येथें निराळें घडलें. तेथें गांवकऱ्यांच्या सहकार्यानें हत्तीच्या चित्राभोंवतीं कठडा घालण्यांत आला असून, कातळावर पाय न ठेवतां बाहेरून उभें राहून तो हत्ती पाहतां येतो.