मूकवाचन, पाच मिनिटे आणि आपली टीईटी

बी.एड.च्या पाठटाचणात 'प्रकट वाचन' आणि 'मूकवाचन' असे दोन टप्पे आपण सगळ्यांनी लिहिले आहेत. प्रकट वाचन आपल्या ओळखीचे. मक्तबात नाज़रा मोठ्यानेच होतो, आणि चूक उस्तादांच्या कानाला लगेच कळते. मूकवाचनात मुलाला काय समजले, हे बाहेरून कसे कळणार? या प्रश्नातूनच उताऱ्यावरची वस्तुनिष्ठ परीक्षा जन्माला आली.

गोष्ट अमेरिकेतली आहे. १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी पन्नास-साठ गुण दिले, कोणी नव्वदच्या वर. फ्रेडरिक केली यांनी १९१४ मध्ये शिक्षकांच्या गुणदानातल्या याच तफावतीवर प्रबंध लिहिला आणि पुढे कॅन्सासमध्ये मूकवाचनाची चाचणी तयार केली. छोटे छोटे प्रश्न, प्रत्येकाला एकच बरोबर उत्तर, वेळ पाच मिनिटे. तपासणाऱ्याच्या मर्जीला जागाच उरली नाही. (गरिबाच्या मुलाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती, हे मान्य करायला हवे.) पुढे पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांच्या अशा धर्तीच्या चाचण्या झाल्या, १९२६ मध्ये सॅट आली, १९३८ मध्ये पेन्सिलीच्या खुणा वाचणारे यंत्र आले.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आरटीईच्या आधी नेमलेल्या आणि पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला गेला. पण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांतल्या आपल्या आपा आणि सरांना ती सवलत नाही. वीस वर्षे शिकवलेली माणसे पुन्हा उतारे सोडवत बसली आहेत, आणि प्रश्न नोकरीचा आहे.

त्यांचे गुण जातात कुठे? माझ्या पाहण्यात, भाषा कच्ची असल्यामुळे क्वचितच. ते जास्तीचे जाणतात म्हणून जातात. समजा, उताऱ्यात एवढेच आहे की सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. 'उताऱ्यानुसार' असा प्रश्न आला आणि एका पर्यायात फातिमा शेख यांचे नाव दिसले, की आपला हात तिकडे जातो. मन भरून येते, गुण मात्र जातो. उत्तर एकच हवे म्हणून ते उताऱ्यातल्या ओळीवरच टिकावे लागते. त्या ओळीवर बोट ठेवता आले नाही, तर तो पर्याय सोडा.

थॉर्नडाइक यांनी १९१७ मध्ये मुलांच्या वाचनातल्या चुका तपासल्या. एखादाच शब्द मनावर गरजेपेक्षा जास्त भार टाकतो आणि बाकीचे वाक्य दबून जाते, असे त्यांना दिसले. फसवा पर्याय हेच करतो: उताऱ्यातला ठसठशीत शब्द जसाच्या तसा उचलतो आणि नाते बदलतो. म्हणून 'फक्त', 'नेहमी', 'नाही' या शब्दांवर पेन टेकवून वाचा. प्रश्न आधी वाचून मग उतारा वाचला तर शोध सोपा होतो. पण 'मध्यवर्ती कल्पना' विचारली असेल तर उतारा पूर्ण वाचण्याला पर्याय नाही.

काही जण याला चलाखी म्हणतात. मला ते पटत नाही. तराजू कसा बनला हे जाणून वजन करणे ही लबाडी नव्हे. मात्र वर्गात मुलांना वाचायला शिकवताना हा तराजू रोज मधे आणू नये.

राहिला वेळ. १५० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीला गुणकपात नाही. उर्दूचा उतारा आपण झपाट्याने संपवतो आणि मराठीच्या उताऱ्यावर अडकतो, तेव्हा वाचलेली मिनिटे तिकडे द्या, आणि एकही गोळा कोरा सोडू नका.