गादीतले बुडबुडे

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची फोमची जुनी गादी खाली काढली. कडेने पिवळी पडलेली, चिमटीत धरली की भुगा. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते. ही गेली की गेली. तिचं कूळ शोधत मी १९३७ सालच्या लेव्हरकुसेनपर्यंत पोहोचलो.

जर्मनीतल्या या गावी आय. जी. फार्बेनच्या प्रयोगशाळेत ऑटो बायर काम करत. (बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी नातं नाही, आडनाव तेवढं एक.) अमेरिकेत ड्यू पाँटने नायलॉन शोधलं होतं, त्याला तोडीस तोड असं काही जर्मनांना हवं होतं. आयसोसायनेट हा मोठा उतावळा रेणू. अल्कोहोल भेटलं की युरेथेन तयार होतं. दोन्ही टोकांना असे गट असलेले रेणू घेतले, तर लांबच लांब साखळी बनते. पण पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि माल बुडबुड्यांनी भरतो. हा दोषच मानला गेला. स्विस चीजची नक्कल करायला फार तर चालेल, असा शेरा तेव्हा कुणी मारल्याचं सांगतात.

पुढे तेच पाणी मुद्दाम, मोजून घालू लागले. १९५०च्या दशकात मऊ फोम बाजारात आला. टोल्यूइन डायआयसोसायनेट, पॉलिओल, पाणी, उत्प्रेरक आणि बुडबुडे सांभाळणारं सिलिकोन यांचं मिश्रण सरकत्या पट्ट्यावर ओततात. ते ढोकळ्यासारखं फुगतं आणि काही मिनिटांत घट्ट होतं. आतली उष्णता मात्र लवकर जात नाही. म्हणून ताजे ठोकळे एकमेकांपासून दूर ठेवून निवू देतात; नाहीतर पेट घेण्याची भीती असते.

हे वाचताना मला भोपाळ आठवलं. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं. क्रिया मुळात तीच: कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता. पण हे रसायन कीटकनाशकासाठी होतं आणि ते ३९ अंशांनाच उकळतं; फोममधलं २५० अंशांच्या आसपास. उष्णतेने दाब वाढत गेला आणि विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. दोन्ही रसायनं साधारणपणे फॉस्जीनपासून बनतात, म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेल्या वायूपासून.

फोमचं रसायन भोपाळइतकं उडून जाणारं नाही, हे खरं. तरी त्याची वाफ श्वासात गेली तर दमा जडू शकतो, तोही कायमचा. मग अगदी थोड्या वाफेनेही धाप लागते. तयार गादीवर झोपणाऱ्याला ही भीती नाही. ती मिश्रण ओतणाऱ्या कामगाराच्या वाट्याला येते.