थर दिसला म्हणजे गाळच का?

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरच्या शाळेतून मुलांना सहलीला लोणारला नेणे अवघड नाही. विवराच्या भिंतीत काळ्या खडकाचे एकावर एक थर दिसतात. ‘गाळाचे खडक थरांचे असतात’ हे पाठ असलेला एखादा विद्यार्थी लगेच म्हणेल, “सर, हा गाळाचा खडक!” उत्तर चूक आहे, पण हसण्याजोगे मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले मोठमोठे भूशास्त्रज्ञ हेच म्हणत होते.

जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात शिकवणारे वेर्नर यांनी शायबेनबर्ग टेकडीवर वाळू व चिकणमातीच्या थरांवर बेसाल्ट पसरलेला पाहिला. तोही पाण्यातच साचला असावा, असे त्यांनी ठरवले. त्याआधीच, १७६३ साली, फ्रान्समध्ये देमारे यांना बेसाल्टचे खांब जुन्या लाव्हाच्या ओघाला जोडलेले दिसले होते. पण वेर्नरपक्षाचा एक आक्षेप बिनतोड वाटे : वितळलेला दगड निवाला की त्याची काच होते, स्फटिकांचा बेसाल्ट कसा होईल? स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी तसला दगड भट्टीत वितळवूनच पाहिला. झटकन निवू दिला तर काच झाली. सावकाश निवू दिला तर पुन्हा दगड! हे प्रयोग त्यांनी १७९८ साली मांडले.

आपल्याकडे पेच निराळा होता. दख्खनच्या या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायऱ्या. म्हणजे नाव आकारावरून पडले, उत्पत्तीवरून नव्हे. नागपूरजवळ हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांना दोन ट्रॅपथरांच्या मधोमध गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म असलेला गाळाचा खडक सापडला (त्यांचा लेख १८५५ चा). हिस्लॉप यांना वाटले, खालचा ट्रॅप मागाहून गाळाखाली घुसला असेल. तसे असते, तर गाळाचा थर खालूनही भाजलेला दिसायला हवा. तो भाजलेला दिसतो वरच्या बाजूने. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्ड यांनी १८६७ साली उलगडा केला : लाव्हा एकदाच नव्हे, पुनःपुन्हा पसरला, मधल्या शांत काळात तळी झाली, त्यांत गाळ साचला आणि पुढच्या लाव्हाने तो झाकला.

लोणार परिसरात लाव्हाचे असे सहा थर ओळखले गेले आहेत. त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. (विवर मात्र ज्वालामुखीचे नाही. ते अशनीच्या आघाताने झाले, याचा भक्कम पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला.)

तेव्हा विद्यार्थ्याला ‘चूक’ म्हणून थांबू नये. त्याच्या हाती भिंग द्यावे. गाळाच्या खडकात वाहून आलेले कण किंवा शिंपले सापडतात. इथे त्याला एकमेकांत गुंतलेले बारीक स्फटिक दिसतील, आणि थराच्या माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या, कुठे कुठे पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. दोन थरांच्या मध्ये लालसर मातकट पट्टा आढळला, तर तो काय असावा हे आधी त्यालाच विचारावे.