रेलबस, डिझेल (जर्मनी)

बसचे इंजिन, गिअर आणि हलका सांगाडा वापरून रुळांसाठी बांधलेली, दोन आसांची छोटी प्रवासी गाडी. जर्मनीत ती मुख्यतः शाखामार्गांवर आणि खाजगी रेल्वेंवर धावली. तिथे प्रवासी मोजकेच असत. वाफेचे इंजिन, फायरमन, गार्ड आणि जड डबे हा पसारा तिकिटांच्या उत्पन्नात भागत नसे. रेलबस मात्र एकटा चालक चालवू शके, शिवाय तिकिटेही तोच देई.

या जातीची पहिली यशस्वी गाडी पेट्रोलवर चालणारी होती. हॅनोव्हर परिसरातील छोट्या रेल्वेंसाठी विस्मारच्या कारखान्याने 1932 पासून ती बांधली. दोन्ही टोकांना फोर्ड मोटारीचे एकेक इंजिन असे आणि जायच्या दिशेचे इंजिन चालवले जाई. त्यामुळे शेवटच्या स्थानकावर गाडी वळवावी लागत नसे. पुढे आलेल्या बॉनेटमुळे लोक तिला डुकराचे मुसकट म्हणत. पुढे काही गाड्यांना डिझेल इंजिने बसवण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या संघीय रेल्वेपुढे तोट्यातल्या शाखामार्गांचा प्रश्न होता. क्रेफेल्डजवळच्या यूर्डिंगन कारखान्याने 1950 मध्ये चाचणीगाड्या दिल्या आणि त्यांतून व्हीटी 95 ही मालिका घडली. ब्यूसिंग कंपनीचे बसइंजिन तळाखाली आडवे बसवल्याने आतली सगळी जागा प्रवाशांना मिळाली. आसनांच्या पाठी उलटवता येत, आणि चालकाच्या खांद्यावरून समोरचा मार्ग दिसे. सुरुवातीच्या गाड्यांत दोन आसांमधले अंतर 4.5 मीटर होते. ते 6 मीटर केल्यावर चाल स्थिर झाली. मात्र या गाडीला नेहमीचे बफर आणि कपलिंग नव्हते, त्यामुळे मालवाहू वाघिणी ओढता येत नसत. शाखामार्गाच्या दृष्टीने ही मोठीच उणीव होती. पुढच्या व्हीटी 98 मध्ये ती भरून निघाली: 150 अश्वशक्तीची दोन इंजिने, नेहमीचे बफर आणि ताशी 90 किलोमीटर वेग. खड्या चढांसाठी दातेरी रुळावर चालणारी व्हीटी 97 ही आवृत्तीही निघाली. गडद लाल रंगाच्या या गाड्यांना ‘शाखामार्गांचे तारणहार’ म्हटले गेले. पण त्यांनी बहुतेक मार्गांना आयुष्य वाढवून दिले, कायमचे वाचवले नाही. मोटारी वाढल्या तसे अनेक मार्ग बंद पडले आणि रस्त्यावरची बस आली.

खाजगी रेल्वेंचा संसार मालवाहतुकीवर चाले. त्यांच्यासाठी मान कंपनीने 1955 पासून स्वतंत्र रेलबस बांधली. ती अधिक मजबूत होती, आणि तिच्या मागे वाघीण जोडून एकाच फेरीत माणसे व माल दोन्ही नेता येत. होहेनत्सोलर्न आणि बाडेनमधल्या छोट्या रेल्वेंवर ती अनेक दशके टिकली. पूर्व जर्मनीत हेच काम बाउत्सेनच्या कारखान्यातल्या रेलबसने केले. तिचे नमुने 1957 मध्ये निघाले आणि नियमित उत्पादन 1960 च्या दशकात झाले.

1981 पासून खाजगी रेल्वेंना चार आसांच्या, अधिक जड गाड्या मिळू लागल्या. 1996 मध्ये प्रादेशिक वाहतुकीची जबाबदारी राज्यांकडे गेली. त्याच वर्षी प्रिग्निट्स भागातल्या एका नव्या खाजगी कंपनीने प्रित्स्वाल्क ते पुटलित्स मार्गावर जुन्या यूर्डिंगन रेलबस चालवायला घेतल्या. तेव्हाच बाजारात आलेल्या रेजिओ-शटल गाडीतही तळाखाली मानची दोन बसइंजिने होती.