ज्युबिली

माटुंग्याच्या ज्या कॉलेजला अख्खी मुंबई व्हीजेटीआय म्हणते, त्या नावातलं 'जे' आज जिजाबाईंचं आहे. 1997 पर्यंत ते ज्युबिलीचं होतं. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्तानं दिलेलं. पुढं दहा वर्षांनी हीरक महोत्सव आला आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीतल्या सोहळ्यातून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गोळी झाडली. नंतर हा शब्द सिनेमावाल्यांच्या हाती लागला. पिक्चर पंचवीस आठवडे टिकला की सिल्व्हर ज्युबिली! एकूण काय, आपल्याकडे ज्युबिली आली ती रोषणाई, बँड आणि हारतुरे घेऊन.

तिचं कूळ मात्र वेगळंच. हिब्रू भाषेतला 'योबेल' म्हणजे मेंढ्याचं शिंग. मराठी बायबलात लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात 'योबेल वर्ष' येतं: दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकायचं, विकल्या गेलेल्या जमिनी मूळ कुळांना परत द्यायच्या आणि विकली गेलेली माणसं आपापल्या घरी सोडायची. थोडक्यात, ज्युबिली म्हणजे सुटका. अमेरिकेतल्या गुलामांनी हा शब्द नेमका याच अर्थानं पकडला होता. त्यांच्याच मुलामुलींनी तो गाण्याच्या जाहिरातीवर चढवला आणि विद्यापीठाच्या गायकवृंदानं गावोगाव, देशोदेशी दौरे काढायची जी चाल आज सगळीकडे दिसते, तिला एक धडधाकट पूर्वज मिळाला.

एक पूर्वज म्हणतो, एकमेव नव्हे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलसाठी पंधराव्या शतकापासून गाणारी मुलं नेमलेली आहेत. पण त्यांचं काम घरच्या देवापुढं रोजची प्रार्थना गाण्याचं. आम्ही सांगतोय ती गोष्ट पोटासाठी घराबाहेर पडलेल्यांची.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये जानेवारी 1866 मध्ये फिस्क नावाची शाळा सुरू झाली. यादवी युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. जागा म्हणजे लष्करी इस्पितळाच्या लाकडी बराकी, विद्यार्थी म्हणजे कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकू दिलं जात नव्हतं ते लोक. गावातल्या गुलामांच्या कोंडवाड्यात पडलेल्या बेड्या भंगारात विकून बायबलं आणि मुळाक्षरांची पुस्तकं घेतली, असं फिस्कमध्ये सांगतात. 1867 साली शाळेनं कागदोपत्री स्वतःला युनिव्हर्सिटी म्हणवून घेतलं. पण चार वर्षांत बराकी कुजल्या, देणेकरी दारात उभे राहिले आणि ही संस्था चालवणाऱ्या मिशनऱ्यांना ती बंद करण्याखेरीज मार्ग दिसेना.

शाळेचा खजिनदार जॉर्ज व्हाइट हा लोहाराचा मुलगा, गेटिसबर्गची लढाई लढलेला. संगीताचं शिक्षण यथातथाच, पण कान पक्का. हिशेब लिहिता लिहिता तो मुलांना गाणं शिकवायचा. त्याचा उजवा हात म्हणजे पियानो वाजवणारी एला शेपर्ड. तिच्या बापानं जास्तीची मजुरी करून आधी स्वतःला आणि मग 350 डॉलरना आपल्या मुलीला मालकाकडून विकत घेतलं होतं. आई मात्र मिसिसिपीत विकली गेली. एला फिस्कमध्ये आली तेव्हा तिच्याकडे रोख सहा डॉलर होते.

व्हाइटचा विचार साधा होता: गाऊन पैसे आणायचे. वरिष्ठांना हे वेडेपण वाटलं आणि पालकांचाही जीव धजेना. तरी 6 ऑक्टोबर 1871 ला नऊ गाणारी मुलंमुली आगगाडीत बसली. बहुतेक सगळी गुलामीत जन्मलेली, सर्वांत लहान मिनी टेट जेमतेम चौदा वर्षांची. दोनच दिवसांत शिकागोची ती प्रसिद्ध आग लागली. सिनसिनाटीच्या बाजूला पहिल्या कमाईचे पन्नास डॉलरही जमले नव्हते. ते सगळे या कफल्लक मंडळींनी आगग्रस्तांना देऊन टाकले. व्यवहाराच्या दृष्टीनं हा शुद्ध गाढवपणा. पण वर्तमानपत्रांत त्यांचं नाव पहिल्यांदा बरं छापून आलं ते त्यामुळेच.

पुढचे आठवडे हलाखीचे गेले. हॉटेलवाले दार लावायचे. त्या काळी 'काळ्यांचं गाणं' म्हणजे गोऱ्या नटांनी तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून केलेलं सोंग. लोक तेच बघायला यायचे आणि समोर नीटनेटक्या कपड्यांतली गंभीर मुलं पाहून गोंधळायचे. कोलंबस शहरात पोहोचेपर्यंत परत फिरायची वेळ आली. त्या रात्री व्हाइट जागाच होता. सकाळी त्यानं मुलांना बोलावलं आणि म्हणाला, आपलं नाव ठरलं, ज्युबिली सिंगर्स. गुलामीत जन्मलेल्यांना याहून नेमकं नाव सापडणं कठीण.

आता खरी मेख. ही मुलं कार्यक्रमात गात काय होती? गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची भजनं, देशभक्तीची पदं, त्या काळची लोकप्रिय गाणी. आईबापांची गाणी, शेतात आणि अंधारात चोरून गायलेली, ती चारचौघांत म्हणायची त्यांना लाज वाटे. लाज म्हणावी की सोवळं? दोन्ही असावं. एलानं पुढं लिहून ठेवलंय की ती गाणी गुलामीची आठवण होती आणि देवघरातली वस्तूही होती. ती आधी बंद दाराआड, जमिनीवर बसून, हलक्या आवाजात म्हटली जात. व्हाइटनं हळूहळू एकेक काढून घेतलं, बसवलं आणि गाताना आवाज दाबूनच ठेवला. चोरून गाताना जो दबका स्वर लागत असेल, तोच या गायकवृंदाची ओळख झाला.

नोव्हेंबर 1871 मध्ये ओबर्लिनला पाद्र्यांची मोठी परिषद भरली होती. मुलांनी कोपऱ्यातून त्या जुन्या गाण्यांतलं 'स्टील अवे' सुरू केलं आणि सभा गप्प झाली. तिथून चक्र फिरलं. डिसेंबरात ब्रुकलिनच्या हेन्री वॉर्ड बीचरनं आपलं चर्च त्यांना खुलं केलं. टवाळ पत्रकारांनी त्यांना 'बीचरचे सोंगाडे' म्हटलं. त्याचीही जाहिरातच झाली. मार्च 1872 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष ग्रँटपुढं गायले. परतताना खिशात 20,000 डॉलर होते. कर्ज फिटलं, नवी जमीन घेतली.

1873 मध्ये ते इंग्लंडला गेले. त्याच वर्षी इकडे पुण्याच्या जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं, अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेलं. जोतीरावांनी ज्या सुटकेचं कौतुक केलं, तिची गाती लेकरं त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये होती. 7 मे ला ड्यूक ऑफ अर्गाइलच्या घरी व्हिक्टोरिया राणीनं त्यांचं गाणं ऐकलं. पुढं स्वतःच्या दोन ज्युबिल्या साजऱ्या करणारी ही बाई ज्युबिली या शब्दाच्या खऱ्या मालकांसमोर बसली होती.

त्या दौऱ्यातून सुमारे 10,000 पौंड आले आणि ज्युबिली हॉल उभा राहिला. 1 जानेवारी 1876 ला त्याचं उद्घाटन झालं. 1875 ला निघालेला पुढचा दौरा हॉलंडमार्गे जर्मनीत पोहोचला आणि 1878 मध्ये हँबर्गला मोडला.

याची किंमत मुलांनीच मोजली. वर्ग बुडाले, तब्येती ढासळल्या. बेंजामिन होम्स क्षयानं गेला. व्हाइटची बायको स्कॉटलंडमध्ये टायफॉइडनं वारली. टॉमस रटलिंग इंग्लंडातच राहिला. संस्थेसाठी झिजणाऱ्यांच्या गोष्टी आपण फार गोड करून सांगतो. इथं तो गोडवा नको.

फ्रेडरिक लाउडिन हा दुसऱ्या फळीतला खर्जाचा गायक. त्यानं विद्यापीठाला बाजूला ठेवून स्वतःची मंडळी काढली आणि 1884 पासून सहा वर्षं जग पालथं घातलं: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान, जपान. हिंदुस्थानात ते ताजमहालाच्या घुमटाखालीही गायले. त्या घुमटात एक स्वर किती वेळ रेंगाळतो हे ज्यानं आग्र्यात ऐकलंय, त्याला दबक्या आवाजाच्या त्या गाण्याचं तिथं काय झालं असेल ते सांगायला नको.

फिस्कचे ज्युबिली सिंगर्स आजही आहेत आणि ते विद्यार्थीच आहेत. 2021 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. दरवर्षी 6 ऑक्टोबरला विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये सभा भरते. ती उरकली की नॅशव्हिलमध्ये पुरलेल्या पहिल्या गायकांच्या थडग्यांपाशी जाऊन ही मुलं गातात.