परिच्छेदाची मांडणी (वर्ड प्रोसेसरमधील)

परिच्छेदाचे संरेखन, पहिल्या ओळीचा इंडेंट, ओळींतले व परिच्छेदांमधले अंतर ठरवण्याची क्रिया. हे गुण अक्षरांचे नसून अख्ख्या परिच्छेदाचे असतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ते एंटर दाबल्यावर उमटणाऱ्या, एरवी अदृश्य असलेल्या परिच्छेदचिन्हात साठवले जातात. म्हणून मांडणी स्पेसबारने नव्हे, स्टाइलने करावी. टंकलेखन यंत्राची सवय मात्र बोटांतून अजून गेलेली नाही: सुरुवातीला पाच स्पेस, शेवटी दोन एंटर. पुढे फाँट १२ वरून १४ पॉइंट केला की मजकूर सरकतो आणि रिकामी ओळ नव्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसते. ‘स्पेसिंग आफ्टर’मध्ये ६ पॉइंट दिले असते, तर हे झाले नसते.

एकपानी अर्जासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. एकदाच छापून संपणाऱ्या कागदापुरता तो रास्तच आहे; पण अर्ज सहसा जुन्या फायलीवरूनच तयार होतात आणि जुने स्पेस नव्या मजकुरात उतरतात. दुसरा आक्षेप देखणेपणाचा: दोन्ही कडा सरळ हव्यात, म्हणून सर्रास ‘जस्टिफाय’ वापरतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘विद्यार्थ्यांबरोबरच्या’सारखा लांब शब्द ओळीत मावला नाही, की तो अखंड खाली जातो आणि वरच्या ओळीत भगदाडे पडतात. अरुंद स्तंभात हे फारच खुपते. शब्द तोडण्याची सोय नसेल, तर मराठी मजकूर डावीकडे संरेखित ठेवणेच योग्य.