पगारी खेळाडू : सुभाष गुप्ते

२०१७ साली पंजाबचे अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियातल्या सिडनी किंग्ज या व्यावसायिक बास्केटबॉल संघात दाखल झाले, तेव्हा भारतीय माणूस परदेशात पगारावर खेळतो याचे अनेकांना नवल वाटले. पण ही वाट जुनी आहे. मुंबईचे लेगस्पिनर सुभाष गुप्ते १९५४ पासून चार मोसम इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये रिश्टन क्लबचे पगारी क्रिकेटपटू होते.

लँकेशायर हा कापडगिरण्यांचा मुलूख. आपल्या चाकण-भोसरीसारखाच तिथला दिवसही कारखान्याच्या पाळीवर चाले. सुट्टीच्या दिवशी कामगार सामन्याला गर्दी करत. क्लबचे बाकी खेळाडू हौशी, पगारी एकच. त्यामुळे साऱ्या अपेक्षा त्याच्यावर. त्याने अर्धशतक केले किंवा भरपूर बळी घेतले, की प्रेक्षकांतून वर्गणी गोळा होई आणि ती त्याला मिळे. भारतात कसोटीच्या मानधनावर घर चालत नसे. म्हणूनच विजय हजारे, विनू मंकड यांनीही आधी हीच वाट धरली होती.

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध गुप्ते यांनी एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. उरलेला एक पुण्याच्या वसंत रांजणे यांना मिळाला. ३६ कसोटींत गुप्ते यांचे १४९ बळी झाले.

१९६१ च्या दिल्ली कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीतल्या सहकाऱ्याने हॉटेलच्या स्वागतिकेला फोन केला आणि तक्रार झाली. फोन गुप्ते यांनी केला नव्हता. तरी दोघांनाही संघातून वगळले. बत्तिसाव्या वर्षी कसोटी कारकीर्द संपली. पत्नी त्रिनिदादची, ते तिकडेच स्थायिक झाले. ३१ मे २००२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

रिश्टनच्या क्लबाशी त्यांचा निदान मोसमाचा तरी करार असे. देशासाठी खेळताना तेव्हा खेळाडूंशी वार्षिक करार होत नसत. संघाच्या यादीत नाव आले तर खेळायचे, नाही तर घरी. आपल्या वर्गातले कितीतरी जण पट्ट्यातल्या कंपन्यांत ठेक्यावर लागले. हातात कसब असूनही उद्या गेटवर अडवले जाईल, ही धास्ती त्यांना समजावून सांगावी लागणार नाही. मुलांना गुप्ते यांचे ९ बळी सांगताना ही बाजूही सांगू या.